मनात उमटणारा आवाज आणि मनुष्याची जबाबदारी

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. इशाची नमाज आटोपून आपण घरी परतला आहात. घरातील वीस वर्षांचा मुलगा गेले काही आठवडे कमी बोलतो, रात्ररात्र जागतो, जेवणावरून अर्धवट उठतो. आज तो आपणहून जवळ येऊन बसतो आणि हळू आवाजात म्हणतो, "अब्बा, मला आवाज ऐकू येतात. कोणीतरी माझ्याविषयी बोलत असते. दुसऱ्या कोणालाही ते ऐकू येत नाही." आपण हबकून जाता. तो पुढे सांगतो, "मी खोटे बोलत नाही. रेडिओ लहरींनी माणसाच्या डोक्यात शब्द पोहोचवता येतात. अमेरिकेच्या हवाई दलाने त्याचे पेटंट घेतले आहे." आणि मोबाईलवर तो खरोखरच ते पेटंट उघडून दाखवतो.

आता आपण काय म्हणाल? घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील, ही जिन्नाची बाधा आहे. शेजारी म्हणेल, पोराचे डोके फिरले. मित्र हसतील, किंवा त्याला त्याच विषयाची आणखी दहा पाने पाठवतील. या सर्व उत्तरांमध्ये एक दोष समान आहे, तो म्हणजे घाई. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे लागू नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांविषयी विचारणा होणार आहे, अशी ताकीद दिव्य कुरआनाने सूरह बनी इस्राईलमध्ये दिली आहे. म्हणून या मुलाला उत्तर देण्यापूर्वी आपण दोन गोष्टी नीट समजून घेऊ. पहिली, त्याच्या म्हणण्यात खरे किती? दुसरी आणि अधिक महत्त्वाची, आवाज कोठूनही आला तरी त्याच्या बाबतीत माणसाची जबाबदारी कोठे सुरू होते?

विज्ञान काय सांगते

मुलाने दाखवलेले पेटंट बनावट नाही. रेडिओ लहरींमुळे ऐकू येण्याच्या परिणामाचा उपयोग करून माणसापर्यंत बोलणे पोहोचवण्याच्या पद्धतीचे हे पेटंट २२ ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेत मंजूर झाले आणि ते तेथील हवाई दलाच्या नावे आहे. त्यामागील नैसर्गिक घटनाही खरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारजवळ काम करणाऱ्या काही लोकांना डोक्यात टिकटिक किंवा गुणगुण ऐकू येत असे. बराच काळ त्यांच्या सांगण्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. पुढे ॲलन फ्रे नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला एका रडार तंत्रज्ञाने सांगितले की, मला रडार ऐकू येते. फ्रे यांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. ते स्वतः तेथे जाऊन उभे राहिले आणि त्यांनाही तो आवाज ऐकू आला. १९६१ आणि १९६२ साली त्यांनी याविषयीचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. आवाज डोक्याच्या आतून किंवा किंचित मागून आल्यासारखा वाटतो, अशी नोंद त्यांनी केली.

हे कसे घडते, याचा उलगडा १९७४ च्या सुमारास झाला. सूक्ष्मलहरींचा अतिशय तीव्र, पण सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता टिकणारा झटका डोक्यावर पडला की आतील पेशी किंचित तापतात. ही तापवाढ सुमारे एका अंशाच्या दशलक्षांश भागाइतकी, म्हणजे हाताला कधीही न जाणवणारी असते. मात्र ती इतक्या झटकन होते की पेशी क्षणात प्रसरण पावतात आणि त्यातून दाबाची एक लहर उठते. ती लहर हाडांतून आणि पेशींतून कानाच्या आतील शंखाकृती भागापर्यंत जाते आणि माणसाला 'टक्' असे ऐकू येते. याचा अर्थ असा की ही लहर मनाशी किंवा विचाराशी बोलत नाही. ती डोक्यात एक बारीकसा ध्वनी निर्माण करते आणि तो ध्वनी कानच ऐकतो. ज्याचा आतील कान निकामी झाला आहे, त्याला तो ऐकू येत नाही.

अशा अनेक 'टक्' आवाजांची योग्य मांडणी केली तर शब्द तयार होतील का? १९७० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत शार्प आणि ग्रोव्ह या दोन संशोधकांनी हे स्वतःवर करून पाहिले. इंग्रजीतील अंकांची एकाक्षरी नावे त्यांना ओळखता आली, असे १९७५ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकात नोंदवले गेले. घशातील स्वरयंत्र काढलेला माणूस कृत्रिम यंत्राच्या साहाय्याने बोलतो, त्या धाटणीचा तो आवाज होता.

येथवर मुलाचे म्हणणे खरे आहे आणि ते खरे आहे हे आपण त्याच्यापाशी मान्य केले पाहिजे. सत्याची साक्ष देताना ती आपल्या सोयीची आहे की गैरसोयीची, हे श्रद्धावंत पाहत नसतो.

पण सत्याचा दुसरा भागही तितकाच खरा आहे. पेटंट म्हणजे एखादी कल्पना नोंदवल्याचा दाखला असतो. ते यंत्र तयार आहे, चालते आहे आणि कोणावर तरी रोखलेले आहे, याचा तो पुरावा नव्हे. प्रयोगशाळेतील काही एकाक्षरी अंक वेगळे आणि शहरातील हजारो घरांतून एकाच मुलाला हेरून, भिंतींपलीकडून, दिवसरात्र त्याच्या नावाने संभाषण करणे वेगळे. झटके निर्माण करणारी मोठी यंत्रणा, अँटेना आणि प्रचंड क्षणिक शक्ती त्याला लागेल. सलग, स्पष्ट आणि मोठ्या आवाजातील बोलणे अशा रीतीने पोहोचवायचे तर लागणारी ऊर्जा माणसाला भाजून काढण्याच्या पातळीकडे जाईल, असा आक्षेप या विषयातील जाणकारांनी घेतला आहे.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा चहाचा व्यापारी मनोरुग्ण म्हणून दाखल होता. त्याची हकीकत तेथील जॉन हॅस्लम यांनी १८१० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जवळच्या तळघरात एक टोळी लपून बसली आहे, तिच्याकडे हवेवर चालणारा एक माग आहे आणि त्यातून निघणाऱ्या अदृश्य प्रवाहांनी ती टोळी माझ्या मनाचा आणि शरीराचा ताबा घेते, असे मॅथ्यूजचे म्हणणे होते. तेव्हा रेडिओ नव्हता, रडार नव्हते, हवाई दलाचे हे पेटंटही नव्हते. तो काळ कापड गिरण्यांचा होता, म्हणून यंत्र मागाच्या रूपाने आले. पीडित मन आपल्या दुःखाचे कारण शोधते आणि त्या काळात जे यंत्र सर्वांत गूढ वाटते, त्याचे नाव त्या कारणाला देते. दुःख खरे असते. कारण मात्र उसने असते.

लहर दोषी नाही

काही बांधव असे ऐकले की तंत्रज्ञानालाच दोष देऊ लागतात. हा विचार नवा नाही. सौदी अरेबियाचे संस्थापक राजे अब्दुल अझीझ यांच्याविषयी असे सांगितले जाते की, दूरवरून आवाज आणणारे हे यंत्र शैतानी असावे अशी शंका काही धर्मपंडितांनी घेतली, तेव्हा राजांनी त्यावरून कुरआनचे पठण ऐकवले. ज्या यंत्रातून अल्लाहची वाणी ऐकू येते ते शैतानाचे कसे असेल, या युक्तिवादाने शंका मिटली. आज ब्रिटनमधील अनेक मशिदी रेडिओ लहरींवरून अजान थेट घराघरांत पोहोचवतात. घरातील छोट्या रिसीव्हरमधून ती स्वयंपाकघरातील भगिनीला आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धालाही ऐकू येते.

लहर तीच आहे. मग त्या अजानमध्ये आणि हवाई दलाच्या पेटंटमध्ये फरक कोणता? रिसीव्हर घरमालकाने स्वतः आणून ठेवला आहे. त्याचे बटण त्याच्या हातात आहे. बोलावणारा मुअज्जिन कोण आणि मशीद कोणती, हे त्याला ठाऊक आहे. पेटंटमधील कल्पनेत मात्र ऐकणाऱ्याच्या हातात काहीही नाही. त्याच्याकडे यंत्र नाही, बटण नाही, बोलणाऱ्याचे नाव नाही. डोळ्याला पापणी आहे, तोंडाला ओठ आहेत, पण कानाला दार नाही. म्हणून आवाजाच्या बाबतीत दाराचे काम शिष्टाचाराने करायचे असते. इस्लामने तो शिष्टाचार फार पूर्वीच शिकवून ठेवला आहे.

आवाजाचे तीन शिष्टाचार

पहिला शिष्टाचार परवानगीचा. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी अनुमती घ्यावी, घरच्यांना सलाम करावा आणि परत जा असे सांगितले गेले तर परत फिरावे, असा आदेश सूरह अन-नूरमध्ये आहे. परवानगी तीन वेळा मागावी आणि उत्तर मिळाले नाही तर माघारी जावे, अशी आदरणीय प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. विटामातीच्या घराला इतका मान असेल, तर माणसाचे डोके आणि हृदय यांना किती असावा? मनुष्याचे अंतःकरण हे असे घर आहे की ज्यात त्याच्या निर्मात्याशिवाय कोणालाही हक्काने प्रवेश नाही.

दुसरा शिष्टाचार ओळखीचा. हजरत जाबिर (रजि.) एकदा प्रेषित (स.) यांच्या दारी गेले आणि त्यांनी दार वाजवले. कोण आहे, अशी आतून विचारणा झाली. त्यांनी नुसते 'मी' असे उत्तर दिले. प्रेषित (स.) यांना ते उत्तर आवडले नाही. प्रसंग साधा आहे, पण त्यातील धडा मोठा आहे. 'मी' म्हणणारा प्रत्येकजण 'मी'च असतो. ऐकणाऱ्याला नाव कळले पाहिजे, म्हणजे दार उघडायचे की नाही हे त्याला ठरवता येते. स्वतः प्रेषित (स.) यांनी आपल्या लोकांना उघड हाक दिली तेव्हा ते सफा टेकडीवर चढले, एकेका घराण्याला नावाने बोलावले आणि आपल्या सच्चेपणाविषयी प्रथम त्यांनाच विचारले. जगातील सर्वांत सत्य संदेश देणाऱ्याने चेहरा लपवला नाही, आवाज बदलला नाही आणि कोणाच्या झोपेत शिरून संदेश पेरला नाही. ऐकणाऱ्यांना नाकारण्याची मोकळीक होती आणि अबू लहबने तेथल्या तेथे नाकारलेही. आपण केवळ स्मरण देणारे आहात, त्यांच्यावर नेमलेले सक्तीदार नाही, असे सूरह अल-गाशियामध्ये प्रेषितांना (स.) सांगण्यात आले. सत्यालासुद्धा जी मुभा दिली गेली नाही, ती कोणत्या सैन्याला, सरकारला किंवा कंपनीला कशी मिळेल?

तिसरा शिष्टाचार ऐकणाऱ्याचा, म्हणजे पडताळणीचा. दुराचारी माणसाने बातमी आणली तर ती तपासून पाहा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, असा इशारा सूरह अल-हुजुरातमध्ये आहे. या विषयात पडताळणी किती अवघड असते, याचे एक उदाहरण पाहा. २०१६ पासून क्यूबातील हवाना शहरातील अमेरिकी राजनैतिक अधिकारी विचित्र आवाज आणि त्यापाठोपाठ चक्कर, डोकेदुखी यांच्या तक्रारी करू लागले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने तपासलेल्या कारणांपैकी रोखलेल्या रेडिओ लहरींचे स्पंद हे काही रुग्णांच्या बाबतीत सर्वाधिक पटण्याजोगे कारण ठरवले. मार्च २०२३ मध्ये त्याच देशाच्या गुप्तचर संस्थांचे मूल्यमापन जाहीर झाले. त्यांतील बहुतेकांनी परकीय शत्रूचा यात हात असणे अत्यंत असंभाव्य मानले. एवढी साधने हाताशी असलेले लोकही एका निष्कर्षावर येत नाहीत. मग मोबाईलवर चार पाने वाचून शेजाऱ्याच्या गच्चीवरील अँटेनाकडे बोट दाखवणे, किंवा उलट, तपासणी न करता मुलाला जिन्नाने धरले असे घोषित करणे, यांपैकी कोणती गोष्ट पडताळणीच्या आदेशात बसते?

येथे क्षणभर स्वतःकडेही पाहू. आपल्या खिशातील मोबाईल रेडिओ लहरींवरूनच बोलणे पोहोचवतो. बोलणाऱ्याचे नाव नसलेली, कोणत्या गावची आणि कधीची हे ठाऊक नसलेली ध्वनिफीत आपण रात्री अकरा वाजता पन्नास जणांना पाठवतो, तेव्हा परवानगी, ओळख आणि पडताळणी हे तिन्ही शिष्टाचार एकाच वेळी मोडतो. अमेरिकेच्या हवाई दलाला जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, पण त्याआधी आपल्या अंगठ्याला जाब विचारावा लागेल.

आवाज आणि संमती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, परवानगीविना एखादा आवाज आत शिरलाच. तो यंत्राचा असो, माणसाचा असो, शैतानाचा असो किंवा आजारी मेंदूचा असो. त्याबद्दल माणूस जबाबदार आहे का?

सूरह अन-नासमध्ये आपण दररोज ज्याच्यापासून आश्रय मागतो, तो कुजबुज करून मागे सरणारा आहे. तो जिन्नांपैकी असू शकतो आणि माणसांपैकीही. कुजबुजणारा मागे सरतो, यातच त्याचा खरा डाव आहे. तो समोर उभा राहून बोलला असता तर आपण त्याला ओळखले असते. तो आपले शब्द ठेवतो आणि नाहीसा होतो, म्हणजे ते शब्द आपलेच आहेत असे आपल्याला वाटावे. निनावी आवाजाचा अन्याय नेमका हाच आहे. तो माणसाला ऐकवतो आणि 'हे दुसऱ्याचे आहे' ही जाणीव मात्र हिरावून घेतो. ती जाणीव असेल तोपर्यंतच माणूस म्हणू शकतो की, मी हे ऐकले, पण मानले नाही.

आणि ऐकणे व मानणे यांमधील हे अंतर इस्लाममध्ये फार महत्त्वाचे आहे. न्यायनिवाडा झाल्यावर शैतान आपल्या अनुयायांना काय सांगेल, याचे चित्र सूरह इब्राहीममध्ये आहे. माझे तुमच्यावर काहीही बळ चालत नव्हते, मी केवळ हाक दिली आणि तुम्ही तिला ओ दिलीत, तेव्हा मला नव्हे, स्वतःला दोष द्या, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हाक देणाऱ्याचा गुन्हा त्याच्याकडे राहतो. आपला हिशेब ओ दिल्यापासून सुरू होतो.

इमाम गजाली (१०५८-११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात हृदयाची नवलाई सांगताना या अंतराचे बारकाईने मोजमाप केले आहे. त्यांच्या मते मनातील गोष्टीला कृतीपर्यंत चार पायऱ्या असतात. प्रथम एखादी गोष्ट मनात डोकावते. मग स्वभाव तिच्याकडे ओढ घेतो. त्यानंतर हृदय निर्णय देते की हे करावे. शेवटी संकल्प पक्का होतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर पकड नाही, कारण त्या माणसाच्या निवडीत नाहीत. तिसरी कधी निवडीत असते, कधी नसते. चौथीवर मात्र माणूस उत्तरदायी ठरतो. ही मांडणी एका सुप्रसिद्ध हदीसला धरून आहे. या उम्मतच्या मनात जे विचार येतात ते, जोवर ती बोलून किंवा करून दाखवत नाही तोवर, अल्लाहने माफ केले आहेत. काही सहाबांनी (रजि.) तक्रार केली की आमच्या मनात असे काही येते की ते उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना धिक्कारले नाही. त्या विचाराची किळस वाटणे हीच स्पष्ट ईमानची खूण आहे, असा दिलासा त्यांनी दिला.

आता रडारच्या प्रयोगाची या मांडणीशी सांगड घाला. यंत्र फार तर कानापर्यंत पोहोचले. गजालींच्या पहिल्या पायरीच्याही ते बाहेरच उभे आहे. निर्णय आणि संकल्प यांच्या उंबरठ्यापर्यंत जाणारी कोणतीही लहर अद्याप सापडलेली नाही. माणसाचे स्वातंत्र्य इतके स्वस्त नाही की कोणी एखादे बटण दाबून ते काढून घ्यावे.

पण येथे एक गंभीर अपवाद आहे आणि तो विसरला तर ही सर्व चर्चा निष्ठुर होईल. ऐकणे आणि मानणे यांतील अंतर निरोगी मनाजवळ असते. काही आजार नेमके ते अंतरच खाऊन टाकतात. स्किझोफ्रेनियासारख्या विकारात आवाज इतका खरा आणि इतका सतत असतो की त्याला नाकारण्याची शक्तीच झिजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा विकार आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एक. बहुधा तो किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत प्रकट होतो. अशा माणसाला 'तुझे ईमान कमकुवत आहे, म्हणून हे होते' असे म्हणणे म्हणजे शरीअतच्या विरुद्ध निकाल देणे आहे. तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि ज्याची बुद्धी हरपली तो भानावर येईपर्यंत. ज्याच्या बाबतीत अल्लाहने लेखणी उचलली, त्याच्यावर आरोपपत्र लिहायला आपण लेखणी हाती घ्यावी काय?

घरच्यांचे कर्तव्य

ज्यावर औषध नाही असा कोणताही आजार अल्लाहने उतरवला नाही, हे प्रेषित (स.) यांचे वचन आपण ऐकलेले असते, पण मनाच्या आजाराची वेळ आली की नेमके तेच विसरतो. आपल्या पूर्वजांनी ते विसरले नव्हते. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला आणि मनातील वसवशांच्या उपचाराला त्यात स्वतंत्र प्रकरण दिले. दमास्कसमध्ये बाराव्या शतकात आणि कैरोमध्ये १२८४ साली उभारलेल्या रुग्णालयांत मनोरुग्णांचीही देखभाल होत असे. आणि आपल्या काळात? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आशेने आणून ठेवलेल्या मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते. २८ जण मरण पावले. त्यांना तेथे आणणारे बहुतेक त्यांचे आप्तच असतील आणि त्यांच्या मनात वाईट हेतू नसेल. पण ज्ञानाविना केलेली भक्ती माणसाला कोठवर नेते, याची ती साक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या दीनने तर कोणत्याही निरपराध्याला यातना देण्यास कधीच परवानगी दिली नव्हती.

दुआ करणे, सूरह अल-फातिहा आणि अखेरच्या दोन सूरह पढून रुग्णावर दम करणे, ही सुन्नत आहे. ती जरूर करावी. पण दुआ ही डॉक्टरांकडे जाणाऱ्या वाटेवरची सोबत आहे, त्या वाटेवरचा अडसर नव्हे. उपचार लवकर सुरू झाले तर बरे होण्याची शक्यता वाढते. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. जवळच्या शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागातही जाता येते. यात लाजण्याजोगे काहीही नाही.

घरातील वागण्याबाबतही एक शिकवण लक्षात ठेवावी. तिघे असताना तिसऱ्याला वगळून दोघांनी कुजबुजू नये, त्याने तिसरा दुःखी होतो, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. ज्या घरात एकाला अदृश्य आवाज ऐकू येत आहेत, तेथे या हदीसचे मोल शतपटीने वाढते. त्याच्या पाठीमागे दबक्या आवाजात चर्चा, तो खोलीत येताच शांतता, त्याच्या देखत नजरानजर, या प्रत्येक गोष्टीने त्याचा संशय एकेक बोट वाढत जातो. त्याच्याविषयी जे बोलायचे ते शक्य तितके त्याच्याशीच बोला, स्पष्ट शब्दांत आणि हळुवारपणे.

तर प्रिय वाचक, पुन्हा त्या इशानंतरच्या रात्रीकडे या. मुलगा मोबाईल पुढे धरून आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे. त्याला खोटारडा म्हणू नका, कारण त्याला जे ऐकू येते ते त्याला खरोखरच ऐकू येते. आणि केवळ त्याला बरे वाटावे म्हणून 'होय, कोणीतरी तुझ्यावर यंत्र रोखले आहे' असेही म्हणू नका, कारण ती साक्ष असत्य ठरेल आणि त्या असत्याची किंमत तो चुकवील. म्हणा, "बेटा, हे पेटंट खरे आहे, पण त्यावरून तुझ्या डोक्यात येणारा आवाज यंत्राचा आहे हे सिद्ध होत नाही. तुला त्रास होतो हे मात्र मला मान्य आहे. ते आवाज काहीही सांगोत, त्यांचे ऐकलेच पाहिजे असे नाही आणि केवळ ऐकू आल्याने तू गुन्हेगार ठरत नाहीस. उद्या सकाळी आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ. मी तुझ्यासोबत बसेन."

त्याच्या डोक्यातील अनेक आवाजांमध्ये आपला हा आवाज वेगळा ठरेल, कारण याला चेहरा आहे, नाव आहे आणि खांद्यावर ठेवलेला हात आहे. आणि आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचेनासा झाला, तरी निराश होण्याचे कारण नाही. मनुष्याचे मन त्याच्याशी काय कुजबुजते हे त्याचा निर्माता जाणतो आणि तो त्याच्या कंठनाडीहूनही त्याला जवळ आहे, असे सूरह काफमध्ये सांगितले आहे. त्या जवळिकीच्या मध्ये कोणतीही लहर शिरू शकत नाही आणि कोणताही आजारही.

अल्लाह आपल्या कानांना सत्य ऐकण्याची, जिभांना ओळख देऊन बोलण्याची आणि घरांना पीडितांचे ऐकून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.